नैर्ऋत्येच्या वाऱ्याचा कवि : कै. केशवसुत

आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी एका थोर पुरुषाचे चरित्र छापावयाचे, हा परिपाठ आता जुना झाला आहे. आजवर ही चरित्रे बहुतांशी ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची होती व ते योग्यच होते. यंदा आम्ही ज्ञातीबाहेरच्या एका कवीचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो. त्याचे कारण प्रथमच सांगून टाकणे बरे, म्हणजे पुढे कोणी संपादकांस जाब विचारावयास नको.

कारण असे की, आपल्या मंडळातील बहुतेक घरे मूळची रत्नागिरी जिल्ह्यातील. कोणाचे आजोबा आगबोटीने मुंबईस आले, कोणाचे वडील गिरण्यांत लागले. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातले बस्तान हलले आणि गिरगाव-लालबागच्या खोल्या सोडून कुटुंबे मिरे रोड आणि भाईंदर येथे स्थिरावली. ज्या माणसाने घर सोडले, पण ज्याच्या मनातून घराचा किनारा गेला नाही, अशा माणसाचे चरित्र म्हणजे थोड्याफार फरकाने आपणा सर्वांचेच चरित्र होय. तो माणूस जातीने कोण होता ह्यास आम्ही महत्त्व देत नाही. त्यानेही ते दिले नव्हते. जात व पंथ ह्यांच्या कुंपणात स्वतःस कोंडून घेण्याचे त्याने आपल्या ‘नवा शिपाई’ ह्या कवितेत उघडपणे नाकारले आहे. त्याच्याही आधी, १८८८ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ ही कविता त्याने लिहिली. ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत अशा पुरुषाचे चरित्र छापणे थोडे अडचणीचे आहे हे आम्ही जाणतो. ती अडचण सोसण्याजोगी आहे असे आमचे मत आहे.

कृष्णाजी केशव दामले ह्यांचा जन्म १८६६ साली रत्नागिरी तालुक्यातील मालगुंड ह्या गावी झाला. गणपतीपुळ्यास जाऊन आलेल्यांस मालगुंड ठाऊक असेलच, दोन गावांत अंतर ते किती! पश्चिमेस समुद्र, मध्ये माडांची बने, मागे जांभ्या दगडाचा कातळ आणि कातळाच्या उतारावर आंबा-फणसाच्या छायेत वसलेली घरे, अशी ह्या गावाची ठेवण आहे. घरातून समुद्र दिसो वा न दिसो, त्याची गाज रात्री ऐकू येते, आणि पावसाळ्यात तर दुसरे काही ऐकू येतच नाही. अशा गावी जन्मलेल्या मुलाच्या कानात ती गाज जन्मभर राहते, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांस निराळे सांगावयास नको.

वडील केशव विठ्ठल दामले हे पेशाने शिक्षक. पुढे प्रकृतीच्या कारणाने त्यांनी नोकरी सोडली आणि दापोली तालुक्यातील वळणे ह्या गावी रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक ह्यांच्या खोतीची व्यवस्था पाहण्याचे काम पत्करले. कुटुंब मोठे, मिळकत बेताची, आणि शिस्त कडक. कृष्णाजीचे बंधू मोरो केशव दामले हे पुढे मराठीचे नामांकित व्याकरणकार झाले. त्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ ह्या ग्रंथास अजून तोड नाही. दुसरे बंधू सीताराम केशव हे पत्रकार म्हणून प्रसिद्धीस आले. एका गरीब शिक्षकाच्या घरातून असे तीन बंधू निघाले, ही गोष्ट आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्ती-समितीने अवश्य ध्यानात ठेवावी.

येथे थोडे थांबून एक गोष्ट पाहिली पाहिजे. कृष्णाजीच्या जन्मापर्यंत मराठी कवितेत समुद्र नव्हता काय? होता, पुष्कळ होता. परंतु तो बहुधा भवसागर होता. संतांनी सागराचे नाव घेतले ते संसाराला उपमा म्हणून. तो तरून जावयाचा, त्याचे रूप पाहत बसावयाचे नाही. पंडित कवींचा समुद्र रामायणातला. त्यावर सेतू बांधावयाचा आणि पलीकडे लंका गाठावयाची. कोळ्यांच्या आणि खारव्यांच्या गाण्यांत खरा दर्या होता. पण ती गाणी त्या काळी पुस्तकांत येत नसत. जो किनारा आपल्या पूर्वजांनी रोज पाहिला, ज्या वाऱ्यावर त्यांनी शिडे उभारली, ज्या पावसावर त्यांची भाते पिकली, तो किनारा, तो वारा आणि तो पाऊस शिष्ट मराठी ग्रंथांत नावानिशी क्वचितच सापडतो.

किनाऱ्याकडे पाहून काही रेखाटण्याची हौस मात्र ह्या भूमीत फार प्राचीन आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील कातळावर हजारो वर्षांपूर्वी खोदलेली चित्रे गेल्या काही दशकांत मोठ्या संख्येने उजेडात आली. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे ही नावे आता सर्वतोमुखी झाली आहेत. २०२२ साली ही कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाली. त्यांत हत्ती आहे, वाघ आहे, तसेच मासे, कासव, पाकट आणि मुशी हेही आहेत. ज्यांनी ती खोदली त्यांची भाषा गेली, नावे गेली. परंतु समुद्रातून वर आलेले जनावर त्यांनी किती बारकाईने पाहिले होते, हे अजून त्या दगडावर वाचता येते. गुरे चारणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या ती चित्रे पाहिली आणि ती पांडवांनी किंवा देवांनी काढली असे मानून सोडून दिली. पाहणारा डोळा मिळेपर्यंत वस्तू समोर असूनही नसल्यासारखी असते. कातळाचे जे झाले तेच किनाऱ्याचेही झाले, आणि त्यास पाहणारा डोळा देणाऱ्यांत मालगुंडच्या ह्या मुलाची गणना अग्रभागी करावी लागते.

आश्चर्य असे की, हा डोळा त्यास किनाऱ्यावर राहून लाभला नाही. तो लाभला किनारा सुटल्यामुळे.

शिक्षणासाठी कृष्णाजीची जी भ्रमंती झाली ती आजच्या विद्यार्थ्यास कल्पनेतही आणणे कठीण आहे. प्राथमिक शिक्षण कोकणात झाल्यावर मुलास बडोद्यास पाठविले. तेथे थोरला भाऊ अकाली गेला. मग वर्धा, मग नागपूर. नागपुरास रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचा सहवास थोडा काळ घडला. टिळक तेव्हा अद्याप ख्रिस्ती झाले नव्हते, आणि तेही मूळचे रत्नागिरी जिल्ह्याचेच. विवाह तत्कालीन रीतीप्रमाणे लहान वयातच झाला होता. पत्नीचे नाव रुक्मिणी, माहेरच्या त्या चितळे. अखेर १८८४ च्या सुमारास स्वारी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलात येऊन स्थिरावली आणि १८८९ साली, तेविसाव्या वर्षी, मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाली. त्यापुढे कॉलेज नाही. पुण्याच्या त्या वर्षांत आगरकरांच्या विचारांचा जो संस्कार मनावर झाला तो मात्र कायमचा. १८८९ सालीच ‘मजुरावर उपासमारीची पाळी’ ही कविता लिहिली गेली. गिरण्यांशी संबंध आलेल्या आपल्या घरांतून तरी ह्या कवितेचे नाव माहीत असावे.

ह्या घराबाहेरच्या काळात कोकणाची कविता जन्मली. ‘गोष्टी घराकडील’ ही त्यांची तरुणपणीची कविता आम्ही शाळेत असताना प्रथम वाचली आणि तेव्हा तिचे फारसे काही वाटले नाही. पुढे नोकरीनिमित्त दूर गेल्यावर तीच कविता निराळी दिसू लागली. मित्राशी घरच्या गोष्टी बोलत असता कवीला आपण घरीच आहो असे वाटू लागते, आणि भोवतालच्या परमुलखातील वस्तूच खोट्या भासतात, एवढाच तिचा विषय आहे. पण ज्याने ओळखीची वाट काळोखात मनाने चालून पाहिली आहे, दाराची कडी मनानेच काढली आहे, आतल्या माणसांचे श्वास मनानेच ऐकले आहेत, त्याला ह्या कवितेची थोरवी कळते. इंग्रजी पुस्तके वाचून ती लिहिली असे कोणी म्हणोत. इंग्रजी कवींचा परिणाम केशवसुतांवर झाला होता हे खरेच आहे. पण जिचे स्मरण झाले ती वाट इंग्लंडातली नव्हती.

दुसरी कविता ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यास’ ही होय. आमच्या मते ह्या चरित्राचा गाभा ह्या एका नावात आहे. जन्मभूमीकडून येणाऱ्या वाऱ्याला उद्देशून ती लिहिली आहे. जुन्या कवींना वारा म्हटला की मलयानिल आठवे. चंदनाच्या वनातून येणारा, शीतळ, सुगंधी, आणि सर्व कवितांतून एकाच चालीने वाहणारा. केशवसुतांचा वारा तसा नाही. त्यास दिशा आहे. पुण्यात वा खानदेशात उभे राहून मालगुंडाकडे तोंड केले तर ते दक्षिण आणि पश्चिम ह्यांच्या मध्ये होते. म्हणजे हा वारा ज्या कोनातून येतो त्याच कोनात कवीचे घर आहे. शिवाय मृगाचा पाऊस घेऊन येतो तोही हाच वारा. कोकणच्या शेतकऱ्याचे आणि खलाशाचे सारे वर्ष ज्या वाऱ्याच्या हिशेबाने चालते, तो वारा मराठी कवितेत प्रथमच आपल्या खऱ्या नावाने आणि खऱ्या दिशेने आला. नकाशावर बोट ठेवावे तसे ह्या कवीने घरावर बोट ठेवले आहे.

आम्ही ही गोष्ट आपल्या येथे ताडून पाहिली. भाईंदरास नैर्ऋत्येचा वारा मालगुंडाहून येत नाही. आपल्या पिढीजात गावांची दिशा येथून सरळ दक्षिणेची, किंचित पूर्वेकडे कललेली. अंतर सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटर. जूनमध्ये आपल्या इमारतींच्या खिडक्या आपटतो तो वारा थेट उघड्या समुद्रावरून उत्तन-गोराईच्या बाजूने येतो. तो ओला असतो, खारट असतो, आणि त्यात सुकत घातलेल्या बोंबलांचा वासही असतो. ह्या वाऱ्याला कोणी कविता लिहिली आहे काय, हा प्रश्न आम्हांस त्या दिवसापासून सोडीत नाही. त्याचा विचार पुढे करू.

मॅट्रिकनंतरची वर्षे मुंबईत गेली. मिशनची शाळा, खाजगी शाळा, शिकवण्या, किरकोळ लेखन ह्यांवर कसाबसा निर्वाह. स्वभाव लाजाळू आणि एकलकोंडा. सभासंमेलनांत पुढे होऊन बोलण्याची सवय नाही. कविता मासिकांतून प्रसिद्ध होत, कित्येकदा नुसत्या टोपणनावाने. हरि नारायण आपटे ह्यांचे ‘करमणूक’, का. र. मित्र ह्यांचे ‘मनोरंजन’ आणि जळगावचे ‘काव्यरत्नावली’ ही त्यांची ठिकाणे. ‘तुतारी’ आणि ‘झपूर्झा’ ह्या कविता १८९३ च्या. ‘तुतारी’विषयी येथे विस्ताराने लिहिण्याची गरज नाही; ती सर्वांस शाळेतच भेटली आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले आणि पुष्कळांप्रमाणे केशवसुतांनीही शहर सोडले. पुढची वाट खानदेशाची : प्रथम भडगाव, नंतर फैजपूर. समुद्रापासून आणखी दूर.

फैजपूरचे नाव पुढे १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाने देशभर झाले. केशवसुत तेथे शाळामास्तर होते तेव्हा ते केळी-कापसाच्या मुलखातले एक लहान गाव होते. तेथे १९०१ साली ‘आम्ही कोण?’ हे सुनीत लिहिले गेले. एवढ्या भिडस्त गृहस्थाने एवढा मोठा दावा करावा ह्याचे त्या वेळी अनेकांस नवल वाटले असेल. कवींना जगातून काढून टाकाल तर आकाशातील तेज मावळेल आणि मनुष्याच्या जिण्याला कवडीचीही किंमत उरणार नाही, असा त्या सुनीताच्या शेवटाचा आशय आहे.

हा दावा अतिशयोक्तीचा आहे असे आम्हांस पूर्वी वाटे. आता तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण आपल्याच गावात आहे. राई, मुर्धे, मोर्वे, डोंगरी, उत्तन, घोडबंदर ही गावे आणि त्यांच्या भोवतीची भातशेते, मिठागरे व तिवरांची राने मिळून आजचे मिरा-भाईंदर शहर झाले. १९८५ साली नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत लोकवस्ती आठ लाखांवर गेली. साष्टी बेटाच्या ह्या टोकाला उत्तरेस वसईची खाडी आहे, पश्चिमेस समुद्र आहे आणि मध्ये भरती-ओहोटीबरोबर श्वास घेणारी खाजणे आहेत. ह्या प्रदेशाची किंमत काय? चौरस फुटाचा भाव कोणीही सांगेल. परंतु तिवराच्या रानाचा भाव विचारा. उत्तर मिळते की ती दलदल आहे, तेथे डास होतात, भराव घातला तर जागा निघेल. एखाद्या वस्तूचे रूप कोणी पाहिलेच नसेल तर तिच्यापाशी फक्त बाजारभाव उरतो. कवडीची गोष्ट ती हीच. कवडी तरी समुद्रातूनच येते!

येथे आपल्या ज्ञातिबांधवांस, आणि स्वतःसही, थोडे कठोर बोलणे आम्हांस प्राप्त आहे. आपल्या संमेलनांतून गावच्या आठवणी निघाल्या की डोळे पाणावतात. माड, कातळ, शिमगा, गणपती, खाडीतली होडी, काही म्हणून राहत नाही. आणि त्याच रात्री परत येताना निर्माल्याची पिशवी आपण भाईंदरच्या खाडीत टाकतो. गाडी पुलावरून जात असता डब्यातून भिरकावलेल्या पिशव्या पुष्कळांनी पाहिल्या आहेत. दूरचा किनारा पवित्र आणि दाराशी असलेला किनारा उकिरडा, हा भेद कोठून आला? आमच्या समजुतीने तो काही अंशी कवितेतूनच आला आहे. दुरून पाहिलेल्या घराची कविता घराला उजळविते हे खरे. पण ज्या गावी आपण प्रत्यक्ष राहतो त्या गावाला ती अंधारातही ढकलू शकते. मराठी माणसाने कोकणावर एवढे लिहिले, एवढे गायिले, की किनारा म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्ग अशीच समजूत झाली. ठाणे जिल्ह्याचा चिखलाचा, तिवरांचा, मिठागरांचा किनारा कोणाच्या डोळ्यांत भरला नाही. तो चिखलाचा आहे हाच जणू त्याचा अपराध.

ह्याचा दोष केशवसुतांकडे जात नाही. त्यांनी परमुलखात राहून घराची आठवण केली, पण परमुलखाकडे डोळे मिटले नाहीत. फुलपाखरू, भुंगा, फूल, संध्याकाळ ह्यांवर त्यांच्या कविता आहेत, आणि त्या ज्या गावी ते असतील तेथल्या आहेत. शिवाय कोकणचे गोडवे गाताना कोकणचे दारिद्र्य ते विसरले असतील असे मानण्यास जागा नाही. ज्या दारिद्र्याने त्यांना बडोदा ते धारवाड फिरविले ते त्यांना पुरते ओळखीचे होते. घर सुंदर होते आणि घर पोसू शकत नव्हते. ह्या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत हे आपल्या आजोबा-पणजोबांनाही ठाऊक होते. म्हणूनच ते आगबोटीत चढले.

तिवरांची बाजू आता कायद्याने घेतली आहे हे येथे नमूद केले पाहिजे. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी तोडण्यास मनाई केली. सप्टेंबर २०१८ मधील निकालात त्याच न्यायालयाने, खारफुटीचा नाश म्हणजे नागरिकांच्या जीवनाच्या मूलभूत अधिकाराचा भंग होय, असे ठरविले. २०२० साली राज्य शासनाने पांढरी चिपी हा महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर केला; असे करणारे आपले राज्य देशात पहिलेच. तिवरांची मुळे चिखल धरून ठेवतात, भरतीचा जोर मोडतात, आणि कोळंबी, निवट्या, चिंबोरी ह्यांची पिले त्यांच्याच आसऱ्याने वाढतात. हे सर्व शाळेच्या पुस्तकांतही आले आहे. परंतु पांढऱ्या चिपीचे फूल रात्री उमलते आणि पहाटे त्याचे पांढरे केसर खाडीच्या पाण्यावर गळून पडलेले असतात, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? निकालाने झाड तोडणाऱ्याचा हात धरता येतो. त्या झाडाला शब्द देण्याचे काम न्यायालयाचे नव्हे.

१९०४ साली केशवसुतांची बदली धारवाडच्या सरकारी हायस्कुलात झाली. तेथे ते मराठीचे शिक्षक होते. आयुष्यात प्रथमच थोडे स्थैर्य येईल असा रंग दिसू लागला होता. ‘हरपले श्रेय’ ही गूढ कविता ह्याच अखेरच्या काळातली, १९०५ ची. त्या वर्षी नोव्हेंबरात ते आप्तांच्या भेटीस हुबळीस गेले आणि तेथे प्लेगने त्यांना गाठले. ज्या रोगाने त्यांना मुंबईतून उठविले होते तोच नऊ वर्षांनी हुबळीत आडवा आला. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी त्यांचा अंत झाला. वय एकोणचाळीस. काही दिवसांतच त्यांच्या पत्नीही त्याच रोगाने गेल्या. मागे लहान मुली राहिल्या. समुद्रकाठी जन्मलेल्या ह्या पुरुषाचा देह पडला तो समुद्र न दिसणाऱ्या पठारावर.

हयातीत त्यांच्या कवितेचे एकही पुस्तक निघाले नाही. एकूण कविता दीडशेहूनही कमी. त्या जमवून पुढे हरि नारायण आपटे ह्यांनी संग्रह प्रसिद्ध केला आणि मग महाराष्ट्राला आपण काय गमावले ते उमगले. राम गणेश गडकरी ह्यांनी, गोविंदाग्रज ह्या नावाने लिहिताना, स्वतःस केशवसुतांचे शिष्य म्हणविले. बालकवि ठोमरे हे खानदेशातलेच. त्यांनी निसर्गाला जे रूप दिले त्याला केशवसुतांनी वाट करून दिली होती. कवि माधव ह्यांनी ‘हिरवे तळकोकण’ लिहून किनाऱ्याला आणखी मोकळा आवाज दिला. गोव्याचे बा. भ. बोरकर, कुडाळचे आरती प्रभू, दापोलीचा मुलूख कादंबऱ्यांतून उभा करणारे श्री. ना. पेंडसे ही पुढची नावे सर्वांस परिचित आहेत. ह्यांपैकी प्रत्येकाने आपापल्या वाट्याचा किनारा उचलला. आपल्या वाट्याचा अजून तसाच पडून आहे, असे म्हटले तर उत्तनच्या कोळीवाड्यातले वृद्ध रागावतील, आणि ते बरोबरच असेल. त्यांची गाणी आहेत. ती लिहून घेणारा मात्र बहुधा आपल्या मंडळींपैकी कोणी नसतो.

मंडळाच्या कार्यकारिणीपुढे यंदा दोन सूचना आल्या होत्या. एक, उन्हाळ्याच्या सुटीत मुलांची सहल मालगुंडास न्यावी. दुसरी, त्याच मुलांस एक दिवस उत्तन आणि राई-मुर्धे येथे ओहोटीच्या वेळी पायी फिरवावे व जे दिसेल ते लिहावयास अथवा रेखाटावयास सांगावे. पहिली सूचना एकमताने संमत झाली. दुसरीवर चर्चा होऊन ती पुढे ढकलण्यात आली. चिखल होईल, कपडे खराब होतील, आणि त्यात पाहण्यासारखे काय आहे, असे आक्षेप निघाले. तिसरा आक्षेप आम्ही ह्या लेखाच्या निमित्ताने पुन्हा सभासदांपुढे ठेवीत आहो. सूचना पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर आहे.

मालगुंडास जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. केशवसुतांचे जन्मघर तेथे जतन केलेले आहे. कोकण मराठी साहित्य परिषदेने, श्री. मधु मंगेश कर्णिक ह्यांच्या पुढाकाराने, घराच्या परिसरात स्मारक उभारले आणि १९९४ साली कविवर्य कुसुमाग्रज ह्यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. घर जुन्या कोकणी बांधणीचे आहे. खोल्या लहान, छप्पर उतरते, आत थंडावा. बागेत त्यांच्या कविता दगडांवर कोरून ठेविल्या आहेत. कोकण रेल्वे १९९८ साली सुरू झाल्यापासून रत्नागिरी स्थानकावर उतरून तेथे जाणे सोयीचे झाले आहे. गणपतीपुळ्याचे दर्शन घेऊन पुढे मालगुंड, असा क्रम बहुतेक लोक ठेवितात. किनाऱ्याने आणखी उत्तरेस गेले म्हणजे जयगडची खाडी लागते. तेथे आता मोठे बंदर आणि औष्णिक वीजकेंद्र झाले आहे, म्हणजे कवीचा मुलूखही होता तसा राहिलेला नाही. मे महिन्याच्या अखेरीस गेल्यास वारा फिरलेला असतो. दुपारनंतर समुद्राकडे पाठ करून घराच्या पडवीत उभे राहिले तर तो पाठीवर येतो.